विहीणबाईंचं गाव

सुमेधाच्या विहीणबाई, मॉरीन वॉल्श, परवाच्या विमानाने आयर्लंडला निघणार होत्या आणि कुठल्या गावाला जायचं हेच अजून ठरलं नव्हतं. तिकीट होतं, रेनकोट होता, थोरल्या भावाच्या, डेनिसच्या अस्थी होत्या. गावाचाच पत्ता नव्हता. ‘मला आपल्या शेतात ठेव,’ एवढं सांगून डेनिस गेला होता. शेत खरं तर आपलं नव्हतंच. या भावंडांचे पणजोबा कुणा जमीनदाराचे कूळ होते. पण मरणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

मेयो परगण्यातलं कुठलंसं गाव, इतकंच घरात माहीत होतं. आजोबा पॅट्रिक मार्टिन वॉल्श तरुणपणी अमेरिकेत जर्सी सिटीला आले, गोदीत राबले आणि तिथेच गेले. त्यांच्या थडग्यावर नाव आणि ‘मेयो’, बस्स. मॉरीनचा मुलगा ब्रेंडन, म्हणजे सुमेधाचा जावई, या नावाच्या हात धुऊन मागे लागला होता. जुनी दप्तरं त्याने पालथी घातली, पण पॅट्रिक मार्टिन नावाचं पोर मेयोत जन्मलंच नव्हतं म्हणे.

सुमेधाला हे बघवत नव्हतं. सासरच्या कुळवृत्तांतासाठी तिने पार्सिपनीत बसून अख्खं आडनाव गोळा केलं होतं. माणसं हुडकण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं तिचं स्वतःबद्दल ठाम मत. थडग्याचा फोटो पाहून ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, म्हणजे यांच्या वडिलांचं नाव मार्टिन. ब्रेंडन हसला. इथे मिडल नेम म्हणजे वडिलांचं नाव नसतं, आई, असं त्याने प्रेमाने समजावलं. लेक अनिकाही हसली. इतकी वर्षं अमेरिकेत काढून आपण अजून मधल्या नावात बाप शोधतो, हे सुमेधाला झोंबलं आणि ती गप्प बसली. गप्प बसणं तिला मानवत नाही, पण बसली.

आणि आज सकाळी आशा पालवली. ब्रेंडनची डीएनए टेस्ट मेयोतल्या एका कोलम वॉल्शशी थोडीशी जुळली होती आणि तो व्हिडिओ कॉलवर यायला तयार झाला होता. मॉरीन लिपस्टिक लावून लॅपटॉपसमोर बसल्या. सुमेधा त्यांना खेटून बसली.

कोलम सत्तरीचा, गालांवर ऊन-वारा खाल्लेला शेतकरी. तो म्हणाला, आमच्याकडे वॉल्श पैशाला पासरी. सगळा डोंगर वॉल्श. आडनावाने इथे कोणी कोणाला ओळखत नाही, बापाच्या नावाने ओळखतात. तेव्हा तुमचा पॅट्रिक कुणाचा?

ब्रेंडनने मान हलवली. वडिलांचं नाव माहीत नाही, तेच तर शोधतोय.

सुमेधाच्या अंगातून वीज गेली. ती जावयाला बाजूला सारून पार स्क्रीनमध्ये घुसली.

“मार्टिनचा! पॅट्रिक मार्टिन!”

“पॅट्रिक मार्टिन?” कोलम उठून उभाच राहिला. “मग असं सांगा ना. डोंगराच्या वरच्या अंगाचे, मार्टिनचे. अमेरिकेला गेलेला त्यांचा पॅट्रिक.”

ब्रेंडनचा आ वासलेला होता. सुमेधाला त्याला चार शब्द ऐकवायचे होते, पण आता तिला पुढचं ऐकायचं होतं. कोलम फोन घेऊन चढ चढायला लागला, धापा टाकत बोलत राहिला आणि हिरव्या उतारावर एका दगडी बांधापाशी थांबला.

“जमीन कधीच मार्टिनची नव्हती,” तो म्हणाला. “पण शेतातले दगड त्याने वेचले, हा बांध त्याने रचला. आम्ही अजून मार्टिनचा बांधच म्हणतो.” मग त्याने मॉरीनकडे पाहिलं. “आणि तू गं, कुणाची?”

मॉरीनना कळेना. सुमेधाने त्यांचा हात दाबला. वडिलांचं सांगा, मग आजोबांचं.

विहीणबाई ताठ झाल्या. “मॉरीन, जॉनची. जॉन पॅट्रिकचा. पॅट्रिक मार्टिनचा.”

“मग ये,” कोलम म्हणाला. “घरी उतर.”

“एकटी नाही येत मी,” मॉरीन म्हणाल्या आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना फुटलं. “भाऊ आहे बरोबर. डेनिस जॉन.”