ग्रहण मेळाव्यातली कात्री

फेब्रुवारी ऐंशीतल्या त्या सूर्यग्रहणाला अख्खं नागपूर भरदुपारी दारं लावून बसलं होतं, आणि आम्ही तिघी शाळेच्या मैदानावर ग्रहण मेळावा भरवून उभ्या. खरी हौस चारुशीलाची. ती आमच्या शाळेतली विज्ञानाची बाई. प्रेमलता आणि मी तिच्या मैत्रिणी, म्हणजे हक्काच्या बिगारी.

मला दिवस गेले होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आदल्या वर्षी पोटातलं गेलं तेव्हा गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांनी माझं काय चुकलं ते मला समजावून दिलं होतं. या वेळी मला कुणाचं ज्ञान नको होतं.

गरोदर बाईनं ग्रहणात बाहेर पडू नये, काही चिरू-कापू नये, नाहीतर मुलात व्यंग येतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. माझा विश्वास नव्हता. तरी सकाळपासून मी विळीला हात लावला नव्हता. चारुशीला सोबत असली की असल्या गोष्टींची भीती वाटत नाही, म्हणून तर मी आले होते.

प्रेमलतानं दवाखान्यातून जुन्या एक्स-रे फिल्म मागून आणल्या होत्या. त्या कापून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायच्या आणि त्यातून लोकांना सूर्य दाखवायचा. ग्रहण लागलं, ऊन फिकं पडलं, आणि चारुशीलानं कात्री माझ्या हातात दिली.

"शामला, भरभर काप वं. लोक थांबून राहिले."

मी कात्री ठेवली. पाणी पिऊन आले. पुठ्ठे उगाच सारखे केले. पुन्हा पाणी प्यायला निघाले.

"काय करून राहिली तू? एका जागी बस ना."

"प्रेमलताले दे कात्री. मले नाही जमत."

चारुशीलानं माझ्याकडे पाहिलं. माझा हात कधी पोटावर गेला होता, मलाच कळलं नव्हतं. तिला कळलं.

वाटलं, आता ही हसेल. एवढी शिकलेली बाई तू, म्हणून चारचौघांत झापेल. मला तेच हवं होतं. साऱ्या शहरात एका माणसानं तरी मला हसायला हवं होतं.

तिचा चेहरा उतरला. "कितवा महिना?" तिनं हळूच विचारलं.

"दुसरा."

"मंग इथं काहून आली तू? चाल, आत चाल."

दंडाला धरून तिनं मला प्रयोगशाळेत नेलं, लाकडी खिडकी धाडकन लावली आणि म्हणाली, "सुटेपर्यंत इथंच बस. कशाले हात लावू नको."

"तूच तर आठवडाभर सांगून राहिली, काही होत नाही म्हणून."

"होत नाहीच."

"मंग?"

"गेल्या वर्षी दवाखान्यात तुह्यापाशी मीच बसली होती. मले पुन्हा नाही सोसणार."

मला तिचा भयंकर राग आला. हीच घाबरली तर मी कुणाकडे पाहायचं? मी अंधारात टेबलाभोवती येरझारा घातल्या, दोनदा दाराशी जाऊन परत आले, शेवटी पाय थकले म्हणून स्टुलावर टेकले.

तेव्हा माझ्या साडीवर, अगदी पोटापाशी, उजेडाचा एक इवलासा तुकडा दिसला. वाकडा, कापलेल्या नखाएवढा. खिडकीच्या फळीत खिळ्याचं भोक होतं, आणि त्यातून ग्रहण लागलेला सूर्य थेट आत आला होता.

चारुशीलानं झडप घालून भोकावर तळहात दाबला.

"काढ हात," मी म्हटलं.

"शामला, ऐक माझं."

"काढ. मले पाहू दे."

तिनं काढला नाही. मग मीच उठून तिची बोटं सोडवली, तिला ओढत आणलं आणि पुन्हा त्याच जागी बसले. कोर परत पोटावर आली. आम्ही दोघी तिच्याकडे पाहत राहिलो. चारुशीलाचा हात माझ्या हातात गार पडला होता.

मग ती बोलली. वर्गात बोलते तसं, फक्त आवाज कापत होता. "उलटी दिसते ही. किरण सरळ रेषेत येतात ना, वरचा खाली जाते, खालचा वर."

"पुढं सांग," मी म्हटलं.