फटीतला फोम

मे महिन्यात सोलापुरात स्लॅब तापून फुगतो, थंडीत आकसतो. म्हणून लांब इमारतीच्या मधोमध बोटभर फट सोडावी लागते. त्या फटीत भरलेलं डांबर उन्हाळ्यात वितळून भिंतीवर ओघळायचं, आणि पावसाळ्यात पाणी सरळ आत.

संगप्पाशेठच्या कारखान्यातला केमिस्ट चनमल्लप्पा यावर इलाज शोधत होता. दाबला तर दबेल, सोडला तर फुगून फट बुजवेल, असा फोम. दोन रसायनं डब्यात घोटायची, दुधासारखा रंग आला की हात थांबवायचा. जरा चुकलं की फोम बसलाच. तीन वर्षं त्यात गेली. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या फटीत या फोमची पट्टी टिकली, आणि त्याच आठवड्यात मिश्रणाजवळ जाताच चनमल्लप्पाची छाती आवळली.

डॉक्टर म्हणाले, "हे रसायन तुम्हाला बाधलंय. आता नुसत्या वासानंही दम लागेल. त्या खोलीत पाऊल टाकू नका."

शेठनं त्याला ऑफिसात टेबल दिलं. घोटायचं काम कुर्डुवाडीकडच्या कुंडलिककडं आलं, पन्नाशीचा माणूस. चनमल्लप्पा बाहेरून काचेतून हातानं खुणा करायचा. महिन्याभरात कुंडलिकचा हात बसला. ऑर्डरी येऊ लागल्या.

दिवाळीनंतर एकदा कुंडलिक दाराबाहेर वाकून खोकताना चनमल्लप्पाला दिसला.

"कधीपासून?"

"दोन म्हैनं झालं की. सुट्टीदिवशी न्हाय येत. हितं आलं की धरतंय."

 चनमल्लप्पाचंही असंच सुरू झालं होतं.

"हे काम सोड, कुंडलिक."

"सोडून कुटं जाऊ, सायेब? तुमाला टेबल मिळालं. मला लिवाय कुटं येतंय?"

चनमल्लप्पा शेठकडं गेला. शेठनं मान वर केली नाही. "धुळीचा खोकला असेल. दवाखान्याच्या इमारतीची ऑर्डर आहे, आत्ता माणूस बदलू कसा? आणि फोम तर तुम्हीच शोधलात ना?"

फोमच्या कृतीचा कागद फाडून टाकावा असं चनमल्लप्पाच्या मनात आलं. पण कृती आता कुंडलिकच्या हातात मुरली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओला पंचा नेऊन दिला. कुंडलिकनं तो तोंडाला बांधला, डबा पुढ्यात ओढला आणि घोटायला लागला. थोड्याच वेळात पंच्याआडून खोकला सुरू झाला, थांबेना. चनमल्लप्पा धावला, त्यानं दार ढकललं. पहिलाच वास नाकात गेला आणि त्याचा श्वास अडकला. पायरीवर बसून तो हवेसाठी तडफडत राहिला. आतून कुंडलिकनं विचारलं, "सायेब, बास करू का?"

त्याला बोलता येईना.