व्होल्टेज कमी

सुखदेव मेश्रामांचं डोकं पार फिरलं होतं. दसरा तोंडावर आला होता आणि गाडी काही साथ देईना. यंदा दीक्षाभूमीला मी स्वतः गाडी चालवत येतो, असं ते नागपूरच्या अख्ख्या गोतावळ्याला सांगून मोकळे झाले होते. केंद्र सरकारच्या नोकरीत सगळी उमर ट्रेनच्या वेटिंग लिस्टमध्ये गेली. आता निवृत्तीनंतर एकदा तरी गाझियाबादहून आपल्या चाकांवर जायचं, एवढीच तर हौस होती.

चावी फिरवली की गाडी कण्हायची आणि समोर पिवळे-लाल दिवे एकदम पेटायचे. सुखदेवांनी स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली खोचला की मोबाइलवर बिघाडाचा कोड येतो. कोड म्हणाला, व्होल्टेज कमी. मेकॅनिक धीरजने नवी बॅटरी बसवली. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तोच कोड. चालत्या गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर उतरवून तपासला, तोही ठणठणीत निघाला. कोड पुसून गाडी घरी आणली की सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, हे कुणी सांगावं?

"सर, गाडी तो एकदम फिट है," धीरज म्हणाला.

"फिट है तो कोड क्या मेरे ससुराल से आ रहा है?"

घरी सिद्धांत, त्यांचा मुलगा, म्हणाला, "बाबा, छोडो ना यार. फ्लाइटने जा."

"तुझी फ्लाइट घाल चुलीत," सुखदेव म्हणाले आणि पाना घेऊन खाली गेले. बॅटरीच्या वायरचा नट त्यांनी तळहात लाल होईस्तोवर आवळला. गाडी झटक्यात सुरू झाली. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चावी फिरवली, तर तेच दिवे. त्यांनी बॉनेट उघडलं. काल आवळलेली वायर बोटाने गरगर फिरली. नट काय आपल्या पायाने सैल होतो? त्यांचा संताप मस्तकात गेला. ते वॉचमनला हाक मारणार, तेवढ्यात बायको, चंदा, मागे येऊन उभी राहिली.

"वॉचमनवर ओरडू नका. मी सैल करते तो."

दर उन्हाळ्यात गावी जाताना बॅटरी उतरू नये म्हणून तिची वायर सोडवायचं काम चंदाचंच होतं, हे सुखदेवांना तेव्हा आठवलं.

"वेड लागलंय तुला? महिनाभर त्या धीरजला शिव्या घालतोय मी."

"समोरून लाइट आला की तुम्हाला रस्ता दिसत नाही. मी म्हणते, डावीकडे घ्या, तेव्हा तुम्ही घेता. डॉक्टरकडे चला म्हणून किती मागे लागले. इथल्या इथे ठीक आहे हो, पण नागपूरपर्यंत मी किती सांगत बसू?"

"काहीतरीच बोलू नकोस. बस गाडीत, दाखवतो."

त्यांनी नट आवळला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, एकही दिवा राहिला नाही. चंदा शेजारी बसली. अंधार पडत होता. सोसायटीच्या गेटबाहेर वळतात न वळतात तोच समोरून टेम्पो आला. काचेवर नुसता पांढरा उजेड पसरला. दुभाजक गेला, कडेचा भाजीचा ठेला गेला, काही म्हणता काही दिसेना. सुखदेवांनी ब्रेक दाबला आणि वाट पाहिली.

चंदाने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. डावीकडे घ्या, असं या वेळी ती म्हणाली नाही.

टेम्पो निघून गेला, पण त्याच्या मागे दुसऱ्या गाड्या होत्या. पाठीमागून हॉर्नवर हॉर्न सुरू झाले. सुखदेवांना मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडायचं ते सुचेना. त्यांनी हँडब्रेक ओढला.

"सिद्धांतला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, खाली ये आणि गाडी आत घे."