साडेसहा इंच

डोळ्यांच्या डॉक्टरने यापुढे गाडी चालवायची नाही असं बजावलं तेव्हा लायनेल ट्रेगेन्झा त्र्याहत्तर वर्षांचा होता. शेजारणीने त्याच्याच गाडीतून त्याला घरी आणून सोडलं. त्याने गाडी धुतली, पुसली, शेडमध्ये ढकलली आणि वर ताडपत्री टाकली. तालिंगासारख्या गावात गाडी नसणं म्हणजे पाय नसणं. दोन रस्ते, एक पोस्ट, गव्हाची तीन उंच कोठारं आणि एक बदकांच्या मांसाचा कारखाना, एवढंच ते गाव. बाकी सगळं, दवाखान्यापासून न्हाव्यापर्यंत, दुसरीकडे कुठेतरी.

बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे थोरली बहीण एनिड. ती दोनशे किलोमीटरवर, बॅलरॅटला राहायची. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचीही गाडी बंद होती. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा.

"आहेस का रे?"

"नाही, मेलो."

"मग फोन कोण उचलतंय? काय खाल्लंस?"

"टोस्ट."

"काल?"

"टोस्टच."

"अरे, पाव खाऊन खाऊन बुरशी येईल तुला. बसमध्ये बस आणि ये इकडे. चार दिवस राहा. मी काही चावत नाही."

"बघतो."

"वर्ष झालं बघतोयस."

बसने का येत नाही हे त्याने तिला कधीच सांगितलं नाही. एकदा तो निघाला होता. आठवड्यातून दोनदा जाणारी ती बस बर्रापिटपर्यंत, जिथून पुढे बॅलरॅटची आगगाडी मिळते, अडीच तास घेते आणि तिच्यात संडास नाही. लायनेलला त्या वयात होतो तो त्रास होता. पाऊण तासात त्याला ड्रायव्हरला हाक मारावी लागली. भर उन्हात, एका झुडपाच्या आडोशाला, बस पाठीशी धडधडत उभी असताना तो उभा राहिला, आणि चौदा माणसं काचेतून दुसरीकडे बघत होती. पुढच्या थांब्यावर तो उतरला. दोन तास पेट्रोल पंपाच्या बाकावर बसून एका ट्रकवाल्याबरोबर घरी परतला. एनिडला म्हणाला, बस चुकली.

गावापर्यंत आगगाडी असती तर हा प्रश्नच आला नसता. आणि आगगाडी का नव्हती, हे तालिंगात लायनेलइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावातून रूळ जात होते. दिवसातून आठ-नऊ मालगाड्या त्याच्या परसामागून धडधडत जायच्या, कपाटातले कप किणकिणायचे. पण व्हिक्टोरिया राज्यातल्या जुन्या पॅसेंजर गाड्या रुंद रुळांवर चालतात आणि हे रूळ अरुंद होते. पूर्वी तेही रुंद होते. मग माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न उतरवता नेता यावा म्हणून वर ठरलं, आणि एका उन्हाळ्यात बर्रापिटपासून पश्चिमेकडचा एक रूळ उचलून आत घेतला. साडेसहा इंच. रूळ सरकवणाऱ्या रेल्वे मजुरांच्या टोळीचा मुकादम होता लायनेल. खिळे उपटायचे, पहारींनी रूळ सरकवायचा, नवीन खिळे ठोकायचे. दिवसाला दोन किलोमीटर. काम चोख झालं, सायबाने हात मिळवला. त्यानंतर पॅसेंजर बर्रापिटच्या पुढे आली नाही. आठवड्याभराने एनिड माहेरी यायची होती, ती आलीच नाही. तेव्हा लायनेलला त्यात काही मोठं वाटलं नव्हतं. गाड्या होत्या, पेट्रोल होतं, डोळे होते.

लायसन्स गेल्याच्या दुसऱ्या वर्षी पोस्टाच्या दारावर कागद लागला. पॅसेंजर गाडी पुन्हा तालिंगापर्यंत आणण्याचा विचार चालू आहे, सभागृहात या आणि मत मांडा. लायनेल जाणार नव्हता. पण शेजारीण दारात येऊन उभी राहिली. नॉ एह पॉ तिचं नाव. ब्रह्मदेशातल्या कारेन लोकांपैकी, निर्वासितांच्या छावणीतून इथे आलेली, बदकांच्या कारखान्यात कामाला. ती त्याला 'फू' म्हणायची, तिच्या भाषेत आजोबा. कुंपणावरून अंबाडीसारखा आंबट पाला आणि मिरच्या द्यायची, आणि तो मिरच्या गुपचूप फेकून द्यायचा.

"फू, चला. मला एकटीला भीती वाटते."

"मी येऊन काय करणार?"

"बसा नुसते. बाजूला."

सभेला एकोणीस माणसं होती. शहरातून इमोजेन नावाची तरुण बाई नकाशे घेऊन आली होती. तिने समजावून सांगितलं. रुळांना तिसरा रूळ जोडून दोन्ही गाड्या चालवणं फार मोठं काम होईल. त्याऐवजी अरुंद रुळांवर धावणारी दोन डब्यांची छोटी गाडी तालिंगा ते बर्रापिट चालवायची, आणि तिथे उतरून पुढची रुंद रुळांची गाडी धरायची. दोन्ही गाड्यांची वेळ जुळवायची. फक्त बर्रापिटला छोटी गाडी यार्डाच्या पलीकडे थांबेल. पुलावरून यावं लागेल.

"पायऱ्या किती?" मागून कुणीतरी विचारलं.

"चढायला अडतीस. लिफ्टचा पुढच्या टप्प्यात विचार आहे."

लोक हसले. गव्हाचे व्यापारी म्हणाले, आमच्या मालगाड्या अडणार असतील तर आम्ही विरोध करू. कुणी म्हणालं, चारच टाळकी बसतील. मग एह पॉ उठली. तिची मुलगी बॅलरॅटला नर्सिंग शिकत होती. बोलताना तिची जीभ अडखळत होती.

"माफ करा, कळलं नाही," इमोजेन म्हणाली. एह पॉने पुन्हा सांगितलं. "परत एकदा सांगाल?" तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की पुढच्या रांगेलाही ऐकू गेला नाही. ती खाली बसायला लागली.

लायनेल उठला. आपण उठलो हे त्याला उभं राहिल्यावर समजलं.

"ती म्हणतेय, तिची पोरगी पाच महिने घरी आलेली नाही. शुक्रवारची बस पोरीचा वर्ग सुटायच्या आत निघते. कारखान्यातल्या तीस घरांची हीच रड आहे. ती तीस घरं तुमच्या आकड्यांत आहेत का?"

इमोजेनने कागद चाळले. नव्हती.

"आणि पूल कशाला?" लायनेलला थांबता येईना. "बर्रापिटच्या फलाटाला दोन बाजू आहेत. मागच्या बाजूला पूर्वी गुरांची गाडी लागायची. ती बाजू बुजवली. खाली दगडी भिंत तशीच उभी आहे. माती काढा, अरुंद रूळ तिथवर आणा. एका बाजूला ही गाडी, दुसऱ्या बाजूला ती. म्हाताऱ्याला वीस पावलं, तीही सपाट."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बुजवली मीच. रूळही मीच सरकवले इथले." मग तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, परत येईल गाडी." आणि बसला.

पुढच्या आठवड्यात इमोजेन गाडी घेऊन दारात हजर. दोघं बर्रापिटला गेले. लायनेलला नीट दिसत नव्हतं, पण फलाटाच्या टोकापासून त्याने पावलं मोजली, एका जागी बूट आपटला आणि म्हणाला, "इथे खणा." दोन मजुरांनी फावड्याने हातभर माती काढली तर खाली निळसर दगडाची कड लागली, सरळ, जशीच्या तशी. इमोजेनने गुडघ्यावर बसून तिच्यावरून हात फिरवला. परतताना ती म्हणाली, "आमच्या एकाही नकाशात हे नाही हो."

"नकाशा काढणारे इथे जेवायला पण थांबले नाहीत कधी," लायनेल म्हणाला. त्या दिवशी तो बऱ्याच वर्षांनी भरपूर बोलला. घरी आल्यावर घसा दुखत होता.

रविवारी त्याने एनिडला सांगितलं.

"म्हणजे आधी बिघडवायचं आणि मग दुरुस्त केलं म्हणून मिरवायचं," ती म्हणाली. "कधी येतोयस?"

"दोन वर्षं लागतील म्हणतात."

"दोन वर्षं? मी एक्क्याऐंशीची आहे रे. जरा ढकल त्यांना."

ढकलणं त्याच्या हातात नव्हतं. दोनाची अडीच झाली. मधे एकदा काम थांबलं, मग सुरू झालं. तालिंगाच्या फलाटावरचं गवत काढलं, छप्पर घातलं. एनिड दर रविवारी विचारायची, कुठवर आलं? पाहुण्यांच्या खोलीत तिने नवा पलंग घेतला. त्याच्या गुडघ्यांसाठी उंच बघून घेतला म्हणाली. पुढे पुढे ती एकच गोष्ट दोनदा सांगायला लागली, तेव्हा तो दोन्ही वेळा नवीन असल्यासारखा ऐकायचा.

गाडीची तारीख जाहीर झाली. तिला तीन महिने उरले असताना एनिड न्हाणीघरात पडली. दीड दिवस पडून होती. तिचा मुलगा गार्थ ब्रिस्बेनहून विमानाने आला, आणि दहा दिवसांत घर विकायला काढून आईला घेऊन गेला. लायनेलला त्याने फोन केला होता.

"मामा, दुसरा इलाज नाही. इकडे मी आहे, नातवंडं आहेत."

"बरोबर आहे," लायनेल म्हणाला. "बरोबर केलंस बाबा." फोन ठेवल्यावर मालगाडी गेली, कप किणकिणले.

पहिल्या दिवशी गाव फलाटावर लोटलं होतं. शाळेचा बँड होता, सॉसेज भाजत होते. फीत कापायला लायनेलला पुढे बोलावलं, फोटोसाठी कुणीतरी त्याचा कोट नीट केला. बहुतेक मंडळी पुढच्या गावाला उतरून परत आली. लायनेल बसून राहिला. आपण कुठे चाललोय, असा विचार त्याच्या मनात बर्रापिट जवळ आल्यावर आला. बर्रापिटला तो उतरला, सपाट वीस पावलं चालला आणि समोरच्या गाडीत बसला. या गाडीत दोन संडास होते. सबंध प्रवासात त्याला एकदाही जावं लागलं नाही.

बॅलरॅटला तो एनिडच्या रस्त्यावर गेला. घर विकलं गेलं होतं. दारात लहान मुलांच्या सायकली पडलेल्या, पडदे नवे. तो समोरच्या बाजूने दोनदा गेला, मग लोक बघतील म्हणून तळ्याकडे वळला आणि बाकावर बसून सोबत आणलेला पाव खाल्ला.

एकदा घर बघून झालं की आपण जायचं थांबू असं त्यालाही वाटलं होतं. पण पुढच्या गुरुवारी तो पुन्हा गेला. मग दर गुरुवारी. शुक्रवारी एह पॉची मुलगी घरी येऊ लागली होती. तिची आई आता त्याला मिरच्या न घालता भाजी आणून द्यायची, कारण मुलीने आईला सांगितलं होतं की आजोबांच्या कचऱ्याच्या डब्यात काय असतं. गाडीतल्या तपासनीस मुलीला त्याचं तिकीट पाठ झालं होतं. तरी तळ्याच्या बाकावर तो एकटाच असायचा. एकदा त्याला वाटलं, रविवारची वाट कशाला बघायची, आणि त्याने तिथूनच ब्रिस्बेनला फोन लावला.

"कोण?" एनिडचा आवाज बारीक झाला होता.

"मी. बॅलरॅटला आलोय. गाडीने."

"गाडी झाली का सुरू?" हे तो तिला चारदा सांगून चुकला होता.

"झाली. मस्त आहे."

"इथली बघितलीस का? आणखी अरुंद रूळ यांचे. खेळण्यातल्यासारखे. तू इथेही सरकवलेस की काय?"

"नाही गं. ते आधीपासूनच तसे."

ती हसली. मग म्हणाली, "माझ्या घरी जाऊन आलास?"

"आत्ताच आलो."

"माझं लिंबाचं झाड कसं आहे?"

झाड होतं तिथे आता गाडी लावायला फरशी घातली होती. बुंधा कापून कुंपणाशी टाकलेला त्याने दोन गुरुवारांपूर्वी पाहिला होता.

"लगडलंय," लायनेल म्हणाला.

"खरं?"

"फांद्या वाकल्यात. रस्त्यावर आलीत लिंबं."

"मग तोड की चार. कोण काय म्हणणार? मीच लावलंय ते. चहात पिळ, तुझा घसा सारखा बसतो."

"तोडतो."

"आत्ता तोड. मी थांबते फोनवर."

तळ्यावर काळे हंस माना पाण्यात घालून चरत होते. लायनेलने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"एनिड, गाडीची वेळ झाली बघ. निघायला हवं."

"पळ, पळ. चुकवू नकोस."

त्याने फोन खिशात ठेवला आणि बाकावर तसाच बसून राहिला. गाडीला अजून चाळीस मिनिटं होती.