सातव्या नळीची खूण

श्रावणी सोमवारी दुपारी बारापर्यंत मालनबाईंचं मौन असे. न्हावऱ्याहून एसटीनं कारेगावला यायचं, तयार भिंती ओतणाऱ्या यार्डात कामाला लागायचं, आणि शंकराचं नाव मनातल्या मनात. "आज मावशींना काय विचारू नका रे," पोरं एकमेकांना बजावायची. मालनबाई मान खाली घालून हसायच्या. ते कौतुक आपल्याला गोड लागतं, हे त्यांनी देवालाही कधी सांगितलं नव्हतं.

काम साधं, पण जबाबदारीचं. क्रेननं भिंत पायावर उतरवली, की पायातून वर आलेल्या सळया भिंतीच्या बुडातल्या नळ्यांत शिरायच्या. मग नळीच्या खालच्या भोकातून पंपानं ग्राउट भरायचं, म्हणजे सिमेंटचा पातळ काला. तो वरच्या भोकातून बाहेर आला की नळी भरली. तिथं बूच मारायचं, आणि मालनबाईंनी शेजारी खडूनं बरोबरची खूण करायची.

सध्याची चाचणीची भिंत सत्यजीतनं आखलेली होती. खुटबावचा हा तरुण इंजिनिअर तीन वर्षं भिंत आणि पाया जोडणाऱ्या एका सांध्यापायी खपला होता. भूकंपात जे मोडायचं ते बुडाशीच मोडावं, तेवढंच काढून नवं भरावं, आणि माणसांनी पुन्हा त्याच घरात नांदावं, एवढाच त्याचा ध्यास.

त्या सोमवारी पावणेबाराला सातव्या नळीपाशी पंप अडखळला. वरच्या भोकातून थेंब आला नाही. मागं या कामाला पैसा देणाऱ्या पुण्याच्या कंपनीचे पाहुणे उभे. फोरमन हौसराव घाईत म्हणाले, "गेलं असंल आत. मारा बूच. काय मालनबाई?"

'थांबा' हा एकच शब्द मालनबाईंच्या ओठांपर्यंत आला. पण चार माणसांत मौन मोडायचं? नुसती 'नाही' म्हणून मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मग 'का' म्हणून विचारलं असतं, आणि बोलावं लागलं असतं. त्यांनी खडू उचलला आणि खूण केली.

महिन्यानं भिंतीची परीक्षा झाली. भूकंपात हलते तशी जॅकनं ती इकडं-तिकडं ढकलली. बुडाशी मोडायची सोडून तिची सातव्या नळीकडची कड उचलली, आणि तिरकी भेग पार माथ्यापर्यंत गेली. दुरुस्तीचं नावच नको.

संध्याकाळी मालनबाई केबिन झाडायला गेल्या, तर सत्यजीत कागद पुढ्यात घेऊन बसलेला.

"सांधा माझाच चुकला, मावशी. तसं लिहून देतोय. आता पुण्याची मंडळी हे काम बंद करतील."

"ग्राउट बघितलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्यात काय बघायचं? तुमच्या खुणा हायत की सगळ्या."

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

"सातवी नळी फोडून बघा, साहेब. रिकामी हाय ती."

"तुम्हाला कसं ठावं?"

"डोळ्यांनी बघितलं. सोमवार व्हता, मौन व्हतं माझं. मी खोटं बोलले न्हाई, साहेब. मी बोललेच न्हाई."

सत्यजीतनं पेन खाली ठेवलं. त्याचा आवाज चढला नाही. "बोलला न्हाईत. पण खूण तर केलीत ना?"

महिनाभर त्यांनी रोज पोथी वाचली होती, दिवा लावला होता, आणि ही एवढी गोष्ट बाजूला सारून ठेवली होती.

हौसरावांनी ब्रेकर आणून नळी फोडली. आतली सळी स्वच्छ होती, सिमेंटचा डागसुद्धा नाही. हौसराव खाली बघत म्हणाले, "बूच मारा म्हणणारा मीच."

सत्यजीतचा चेहरा मात्र उजळला. त्यानं तिथूनच पुण्याच्या कंपनीत फोन लावला. "सर, सांधा बरोबर हाय. एक नळी भरलीच नव्हती. भिंत पुन्हा ओतू. आमच्या मालनमावशींच्या ध्यानात आलं म्हणून कळलं. फार प्रामाणिक बाई."

मालनबाईंना वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं. पोरं भोवती उभी होती. त्याच आदरानं बघत होती. गप्प राहिलं असतं तर हेही सहज खपलं असतं.

"तसं नगा सांगू," त्या म्हणाल्या.

"मग कसं सांगू?"

त्यांनी हात पुढं केला. सत्यजीतनं फोन दिला. पोरांकडं पाठ न करता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "साहेब, मी मालन बोलते. नळी रिकामी हाय हे मला त्याच दिवशी ठावं व्हतं. तरी खूण मी केली."