मानाचं नाव

दौंडहून एसटीने शिरूरला उतरले आणि समोर माझंच तोंड दिसलं. भल्यामोठ्या फ्लेक्सवर. वर सोनेरी अक्षरांत 'जागतिक कर्नेलमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', मधोमध कॉम्प्युटर क्लासचे विश्वजीत सर हाताची घडी घालून, त्यांच्याभोवती बटणाएवढी पोरंपोरी आणि उजव्या कोपऱ्यात मी. खाली लिहिलेलं, 'मार्गदर्शक'. फोटो चुलतभावाच्या लग्नातला होता. एक गाल फुगलेला, कारण तोंडात गुलाबजाम होता.

कर्नेलमध्ये निवड! कर्नेल म्हणजे काय पोलीस भरती आहे?

मी काय करते ते आधी सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा अगदी आतला भाग. आमचा कर्नेल कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरातले लोक तो मिळून लिहितात, मिळून दुरुस्त करतात आणि ज्याला हवा तो फुकट वापरतो. नोकरी माझी रांजणगावला, कारखान्यातल्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. तेच काम घरी येऊन मी कर्नेलसाठी करते, बिनपगारी. त्यातल्या वॉचडॉग नावाच्या भागाची पानं वर्षानुवर्षं माझ्याकडे आहेत. वॉचडॉग हा राखणदार. यंत्रावरचा प्रोग्राम त्याला सारखं 'मी जागा आहे' असं कळवत राहतो. प्रोग्राम गप्प झाला की वॉचडॉग समजतो, यंत्र अडकलं, आणि ते बंद करून पुन्हा सुरू करतो. हे सगळं कसं वापरायचं, काय करायचं नाही, ते त्या पानांत असतं.

आमची पद्धत साधी आहे. पानात कुणी बदल सुचवला की तो मेलवर सगळ्यांसमोर येतो. मी वाचते, बोर्डावर, म्हणजे यंत्राच्या सुट्या सर्किटवर, करून बघते आणि पटलं तरच खाली एक ओळ लिहिते, 'रिव्ह्यूड बाय माया'. तिचा अर्थ एवढाच, की हे या बाईने स्वतः तपासलंय, चुकलं तर हिला धरा. मग जर्मनीत बसलेला मुख्य माणूस, ज्याला मी कधी पाहिलेलंही नाही, तो बदल आत घेतो. त्याच्याकडे इतकी पानं येतात की तो प्रत्येक पान वाचू शकत नाही. तो नाव वाचतो.

आमच्या घरातल्या कुणाचं नाव आमच्या मूळ गावी, भांडगावात, कुठल्या पाटीवर नाही. सोसायटीच्या बोर्डावर नाही, देणगीदारांच्या फरशीवर तर नाहीच नाही. मला त्याचं काही वाटतही नाही. पण ती एक ओळ मी कमावलेली आहे, आणि तिच्याकडे कुणी वाकडं बघितलेलं मला खपत नाही.

विश्वजीत सरांना कुठून तरी कळलं की कर्नेलमध्ये एक शब्द बदलला तरी नाव कायमचं लागतं आणि नोकरीच्या अर्जात ते झळकतं. झालं! अख्खा क्लास तुटून पडला. एकाने एका पानावर 'मोठं' होतं त्याचं 'भलं मोठं' केलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने 'भलं मोठं'चं 'मोठं' केलं. दोघांचाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पुढे तर वाचायचीही गरज उरली नाही. एआयला सांगायचं, पान लांब कर. ते एक गुळगुळीत, गोडगोड, खात्रीने ठासून भरलेलं पान ओकून द्यायचं आणि ही पोरं ते न चाखता पुढे वाढायची. असलं उष्टं परत पाठवून पाठवून माझा जीव विटला होता.

फ्लेक्सखाली सर भेटलेच.

"ताई! आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का नीट? आन् फ्लेक्स कसा झालाय?"

"माझा फोटो कुणाला विचारून लावला?"

"अहो, विचारायचं काय त्यात? तुम्हाला सोडून फ्लेक्स लावला असता तर लोकांनी आम्हालाच नावं ठेवली असती. मान हाय तुमचा."

मान. आमच्याकडे मान असाच देतात. लग्नपत्रिकेत ज्या आप्पांना नवऱ्यामुलाचं नावही ठाऊक नसतं, ते निमंत्रक असतात. विचारायला गेलं तर उलट त्यांचा अपमान होतो, म्हणजे मला परका समजलात की काय! नाव टाकायचं आणि मोकळं व्हायचं. पत्रिकेत चालतं ते. मी सरांना फ्लेक्स उतरवायला सांगितलं, ते हसले, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला.

फोन रविराजचा होता. हा मुलगा रांजणगावजवळ पत्र्याच्या शेडमध्ये दुधाच्या कूलरचे कंट्रोलर बनवतो. आत आमचाच कर्नेल. कॉलेजात जे शिकवलं नाही ते माझी पानं वाचून शिकला, असं तोच सगळ्यांना सांगत फिरतो.

"ताई, केंदूरला येता का? भिमाजी आप्पांच्या डेअरीवर. बोर्ड मेलाय."

"कशाने?"

"तुमच्या पानावरनंच केलं व्हतं."

पिशवी घरात टाकली आणि तशीच स्कूटी काढून केंदूर गाठलं. डेअरी दिसायच्या आधी वास आला. आंबलेल्या, नासलेल्या दुधाचा, ऊन लागून तापलेला. टाकीची तोटी उघडी होती आणि पिवळट पाण्यात चोथ्याचे गोळे गटाराकडे चालले होते. त्यावर माशांचं मोहोळ. दूध घालायला आलेल्या बाया पदर नाकाला लावून, किटल्या तशाच भरलेल्या घेऊन उभ्या होत्या. भिमाजी आप्पा, म्हणजे डेअरीचे मालक, बाहेर दगडावर बसले होते.

"सकाळी झाकण उघडलं तवाधरनं मळमळतंय नुसतं," ते म्हणाले. "समद्या गावाचं संध्याकाळचं दूध व्हतं बाई त्याच्यात."

रविराजने सांगितलं ते असं. काल संध्याकाळी त्याने आपल्या शेडमध्ये बसूनच, नेटवरून, कंट्रोलरवर नवीन सॉफ्टवेअर चढवायला घेतलं. त्यासाठी आधी चालू प्रोग्राम बंद करावा लागतो. त्याने बंद केला. वॉचडॉग मात्र थांबला नव्हता. प्रोग्राम गप्प झालेला बघून त्याने आपलं काम केलं, अर्ध्यावर यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. अर्धवट सॉफ्टवेअर घेऊन ते काय उठणार? बोर्ड मेला, त्याच्याबरोबर कूलर. रविराजला वाटलं नेट गेलं असेल, सकाळी बघू.

"पण वॉचडॉग आधी थांबवायचा असतो!" मी ओरडले. "हुकूम द्यायचा, थांबला का बघायचं, मग प्रोग्राम बंद करायचा. तीन ओळींत लिहिलंय मी ते. ठळक अक्षरांत."

त्याने मोबाइल पुढे केला. माझ्या तीन ओळी तिथे नव्हत्या. त्यांच्या जागी एक लांबलचक, नटवा परिच्छेद होता आणि त्यात हे वाक्य: 'प्रोग्राम बंद करताच वॉचडॉग आपोआप आणि सुरक्षितपणे थांबतो, वेगळे काहीही करण्याची आवश्यकता नाही.' साफ खोटं. कुणी तरी घडवलेलंही नव्हे, नुसतं गळलेलं खोटं.

बदलाच्या खाली पाठवणारीचं नाव होतं. गौतमी. माझी भाची, माझ्या बहिणीची मुलगी, जी दौंडहून येऊन क्लाससाठी माझ्याच घरी राहते. त्याखाली विश्वजीत सर. त्याखाली सरांचे भाऊ, ज्यांचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. अजून कोण कोण. आणि सगळ्यांच्या वर, मानाच्या जागी: रिव्ह्यूड बाय माया.

"हे मी तपासलेलं नाही, रविराज. मी आईपाशी दवाखान्यात होते. मी हे पाहिलेलंसुद्धा नाही."

"पण ताई, नाव हाय की." तो आवाज न चढवता बोलत होता, तेच जास्त लागलं. "मी बाकीच्यांचं वाचतो, शंका घेतो. तुमचं नाव दिसलं की डोळं झाकून करतो."

मी गोठ्याच्या भिंतीला धरून ओकले. आप्पांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं, त्यांना वाटलं वासाने झालं. वासाने नव्हतं. मला माझ्याच नावाची किळस आली होती.

घरी आले तेव्हा गौतमी इस्त्री करत होती. गुरुवारच्या इंटरव्ह्यूचा ड्रेस.

"ते पान एआयनं लिहिलं?"

ती काय ते समजली. "व्हय."

"तू वाचलंस?"

"वरवर."

"आणि माझं नाव?"

"सर म्हणले, तुझ्या मावशीचं नाव सगळ्यात वर टाक. घरातलंच हाय, विचारायचं काय? तू दवाखान्यात हुतीस, आन्…" तिचा चेहरा पडला. "न्हाई टाकलं तर तुलाच वाईट वाटंल असं वाटलं, मावशी. खरंच."

ती खोटं बोलत नव्हती. लबाडी असती तर मी कानाखाली वाजवून मोकळी झाले असते. तिने मला खरंच मान दिला होता, फ्लेक्सवरच्यासारखा, पत्रिकेतल्यासारखा, आणि त्याचा वास अजून माझ्या कपड्यांना येत होता.

मी लॅपटॉप उघडला. तिने इस्त्री उभी केली.

"काय लिहितीस?"

"हेच. की मी ते तपासलेलं नाही, ओळ खोटी आहे, बदल मागे घ्या."

"सगळ्यांसमोर?"

"नाव सगळ्यांसमोरच लागलंय."

"मावशी, गुरुवारी हिंजवडीला जायचंय मला. त्यांनी हा बदल बघूनच बोलावलंय. शुक्रवारी लिही. मी काय न्हाई म्हणत न्हाई, शुक्रवारी लिही."

मी हो-नाही म्हणायच्या आत तिने दौंडला फोन लावून माझ्या हातात दिला. माझी बहीण प्रतिभा रागावली नाही, रडलीही नाही. ती म्हणाली, "आपल्यातली पोरगी तिथवर जायला किती वर्सं लागली, तुला ठावं हाय. दोन दिस गप्प ऱ्हायलीस तर कुणाचं काय जातंय?"

"कुणाचं ते मला माहीत नाही ना, आक्का. आत्ता या क्षणी कुठे कोण ते पान वाचून काय बंद करतंय, मला माहीत नाही. केंदूरला दूध होतं. दुसरीकडे दूध नसेल."

"मग आमची पोरगीच सापडली व्हय तुला?" तिने फोन ठेवला.

मी मेल लिहिला. चार वाक्यांचा. गौतमीला शिव्या घातल्या नाहीत, सरांनाही नाहीत, तोंडात आलेलं सगळं गिळलं. हा बदल मी पाहिलेला नाही. माझी ओळ माझ्या परवानगीशिवाय टाकली आहे. मजकूर चुकीचा आहे आणि त्याने नुकसान झालं आहे. कृपया आजच मागे घ्या. पाठवलं तेव्हा गौतमी दारात पिशवी भरून उभी होती. शेवटच्या दौंड गाडीने ती गेली, जेवली नाही.

सकाळी जर्मनीचं उत्तर आलं. बदल मागे घेतला होता. फार सभ्य माणूस, त्याने माझी माफी मागितली. शेवटी लिहिलं होतं, की यापुढे माझ्या नावाची ओळ असलेला कुठलाही बदल मला वेगळा मेल करून विचारल्याशिवाय आत घेतला जाणार नाही, राग नसावा. राग कसला? त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. पण इतक्या वर्षांत माझ्या नावाला कधी साक्षीदार लागला नव्हता, आता लागणार होता.

गुरुवारी गौतमी हिंजवडीला जाऊन आली. पहिला प्रश्न माझ्या मेलचा होता, दुसरा विचारलाच नाही. हे मला प्रतिभाने नाही, शेजारणीने सांगितलं. सरांनी 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती ताई' असा एकच मेसेज पाठवला आणि फ्लेक्स काही उतरवला नाही. माझ्या तोंडावर नवा फोटो चिकटवला, त्यांच्या मेहुण्यांचा. खाली 'मार्गदर्शक' तसंच.

मी पान पुन्हा लिहिलं. माझ्या त्याच तीन ओळी. तरी रविराजच्या कंट्रोलरमध्ये असतो तसला बोर्ड मागवून घेतला, वॉचडॉग थांबवून बघितला, न थांबवता प्रोग्राम बंद करूनही बघितला, आणि मग खाली माझी ओळ घातली. जर्मनीहून विचारणा आली. मी उत्तर दिलं, होय, ही मीच. पान लागलं तसं मी रविराजला कळवलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. केंदूरचा कूलर चालू झाला होता, आप्पांनी पुन्हा दूध घ्यायला सुरुवात केली होती. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "पान बघितलं ताई. खाली तुमचं नाव हाय."

"हो. आता बिनधास्त कर."

"राग मानू नका ताई. मी आधी सुट्या बोर्डावर करून बघतो."

"अरे, मी तपासलंय! मीच टाकलंय नाव."

"व्हय," तो अगदी हळू म्हणाला. "पण तवा बी तुमचंच व्हतं की."