माझी तुटलेली तार

मी एक जुना हीटर प्लग आहे. मित्रांनो, दिसायला बोटाएवढा, पण वसईजवळच्या निर्मळ गावातल्या हरेश्वरचा डिझेल टेम्पो आम्हा चार भावांशिवाय थंडीत हलत नसे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. थंडीत मात्र गार लोखंड ती ऊब शोषून घेते. म्हणून आधी आम्ही लालबुंद होऊन आतली हवा तापवायची, मग इंजिनाने धडधडायचे.

हरेश्वरला कशातच धीर नसे. इंजिन सुरू झाले तरी ते बंद पडेल या धास्तीने तो हीटरचे बटण दाबूनच ठेवी. तापून तापून माझी, म्हणजे तिसऱ्या प्लगची, तार झिजली. सॅन्टन मेस्त्रीने बजावले होते, "हरेश्वरभाऊ, तिसरा प्लग जाणार. बदलून घे."

"केळी भरायचीत रे. पुढच्या आठवड्यात बघू."

तो आठवडा काही आला नाही. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत एका पहाटे शेजारची सालोमी वाडीत फुले खुडत होती. तिच्या पायाला घोणस चावली. हरेश्वर आणि त्याची बायको द्वारका यांनी तिला उचलून टेम्पोत बसवले. हरेश्वरने बटण दाबले आणि माझी तार तुटली. आमच्यात वीज एकातून पुढच्यात अशी जाई, त्यामुळे माझ्यामागे तिघे धडधाकट भाऊही गार पडले.

हरेश्वर स्टार्टर मारत राहिला. इंजिन नुसते कण्हत होते. सालोमीचा पाय सुजत चालला होता आणि मला काहीच करता येत नव्हते.

"अहो, थांबा! बॅटरी उतरेल," द्वारका ओरडली. सॅन्टन प्लग बसवत असताना तिने त्यांची जोडणी नीट पाहिली होती. तिने तांब्याच्या तारेचा तुकडा आणला, बॉनेट उघडले आणि ती तार माझ्या दोन्ही टोकांना घट्ट पिळली. मला वगळून वीज पुढे गेली.

"आता दाबा."

समोरचा हीटरचा दिवा लाल झाला. इंजिन खोकले, धूर ओकले आणि सुरू झाले.

सालोमी वाचली. पण वसईच्या डॉक्टरांनी विचारले, "इतका उशीर का झाला?" सालोमीचा तो पाय अधू राहिला. ती लंगडत वाडीकडे जाताना दिसली की हरेश्वर हातातले काम टाकून आत जातो.

मला काढून त्यांनी खिडकीत ठेवले आहे. मित्रांनो, मी आता कधीच तापणार नाही, तरी मला स्वस्थता नाही. एखादी वस्तू कुरकुरू लागली तर तिच्याकडे त्याच दिवशी बघा. उद्या तिच्यावर कोणाचा जीव अवलंबून असेल, हे ना तिला ठाऊक असते, ना तुम्हाला.